गाडी सुरूच्या बनात, पण सुरू होईना

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची, सहा वर्षं जुनी, आत्ताच्या मालकाकडे दीड वर्षापासून. चावी जुन्या पद्धतीची, भोकात घालून फिरवायची, रिमोटची बटणं मुठीतच. ठिकाण कर्दे, तालुका दापोली. शनिवारी संध्याकाळी चावी हरवली आणि सोमवारी दुपारी गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली. मी दापोलीत ऑटो इलेक्ट्रिकची कामं करतो, त्यामुळे मधल्या सगळ्या घोळाचा साक्षीदार आणि थोडासा भागीदारही आहे. चावी समुद्रात गेली हा या प्रकरणातला सगळ्यात छोटा भाग. गाडी अडली ती दुसऱ्याच चावीमुळे.

शनिवारी रात्री साडेआठला होमस्टेवाल्याचा फोन आला. तो काय बोलतोय ते ऐकूच येईना, मागे हूटर बोंबलत होता. "तू आधी ये बाबा, ही गाडी रडायची थांबत नाही," एवढंच कळलं.

झालं होतं असं. अमावास्या दोन दिवसांवर होती. त्या दिवसांत आमच्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री, सुकती संध्याकाळी आणि पहाटे. संध्याकाळी कर्द्याचा किनारा लांबच लांब उघडा पडतो आणि पुण्या-मुंबईची मंडळी पाण्यामागे चालत पार आत जातात. गाडीच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, गाडी सुरूच्या झाडांखाली लावली, रिमोटने लॉक केली, चावी बर्म्युडाच्या खिशात टाकली आणि ते पोरांबरोबर लाटांत गेले. खिशाला ना चेन ना बटण. परत येऊन खिसा चाचपला तर ओली वाळू.

अंधार पडेपर्यंत मोबाइलच्या उजेडात शोधाशोध झाली. मग होमस्टेच्या पोरांनी काचेच्या फटीतून तार घालून आतून दार उघडलं. त्यात त्यांचा हात बसलेला आहे. पण रिमोटने लॉक केलेल्या गाडीचं दार असं उघडलं की गाडी त्याला चोरीच समजते, म्हणून हूटर. कोणीतरी बॅटरीचं टर्मिनल काढलं, गाडी गप्प झाली. "आता रिसेट झाली असेल" म्हणून परत लावलं, पुन्हा बोंब. मी पोचलो तेव्हा गावातला एक रिक्षावाला स्टेअरिंगखालचं प्लास्टिक उचकटून वायरी डायरेक्ट करायच्या बेतात होता. माणूस भला, फक्त त्याचा अनुभव इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, यायच्या आधीच्या गाड्यांचा. त्याला आधी खाली उतरवलं.

यानंतर पुढचं काही हलवण्याआधी मी आरसी मागितली. साहेबांना ते लागलं. बायको-पोरांसमोर, ओल्या कपड्यांत उभ्या माणसाला गाडी तुमचीच ना, असं विचारणं मलाही बरं वाटत नाही. पण बिनचावीची गाडी उघडून द्या असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारतो, ओळखीच्यालाही. त्यांनी होमस्टेचं वायफाय घेऊन डिजिलॉकरमध्ये आरसी दाखवली. नाव त्यांचंच, गाडी रीतसर ट्रान्सफर झालेली. चेसिस नंबर ताडून पाहिला आणि मग बोलायला बसलो.

एका चावीत तीन चाव्या

साहेबांचा पहिला प्रश्न सगळेच विचारतात तो: "दार तर उघडलंय, मग गाडी चालू का होत नाही?"

ज्याला आपण एक चावी म्हणतो त्यात तीन वेगळ्या वस्तू एकत्र बसवलेल्या असतात. पहिली धातूची पात, तिच्या खाचांनी दाराचं आणि स्टेअरिंगचं कुलूप फिरतं. दुसरी रिमोट, त्यात बटण सेल असतो आणि तो रेडिओ लहरींनी फक्त दारं आणि हूटर सांभाळतो. तिसरी मुठीच्या प्लास्टिकमध्ये दडलेली चिप, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी किंवा काळ्या वडीसारखी. इंजिनाचा संबंध फक्त या तिसरीशी.

चिपला सेल नसतो, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. चावी जिथे घालतो त्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. इग्निशन ऑन केलं की त्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर निघते आणि तेवढ्यावरच चिप जागी होते. गाडी तिला दर वेळी वेगळा आकडा विचारते, चिप आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याशी गणित करून उत्तर देते. उत्तर जुळलं की इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, इंजेक्टरला पेट्रोल सोडू देतो. नाही जुळलं तर स्टार्टर फिरेल, दिवे लागतील, पंप गुणगुणेल, पण इंजिन धरणार नाही. युरोपात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं. आपल्याकडे कंपन्यांनी ते हळूहळू आणलं, मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात.

त्यामुळे वायरी डायरेक्ट करून फायदा नाही, कारण वायरीने स्टार्टर फिरतो, परवानगी मिळत नाही. बॅटरी काढूनही फायदा नाही, कारण कोणत्या चिपा आपल्या हे गाडी अशा मेमरीत लिहून ठेवते जी वीज गेली तरी पुसत नाही. धक्क्याचंही तेच, आणि वर स्टेअरिंग लॉक, म्हणजे धक्का मारून गाडी थेट सुरूच्या खोडाला भेटली असती.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांचं थोडं निराळं असतं, आणि ते इथे सांगून टाकतो, कारण पावसाळ्यात मला तसे फोन फार येतात. फॉब, म्हणजे त्या गाड्यांची रिमोटसारखी चावी, खिशात आहे, पण गाडी "चावी सापडत नाही" म्हणते, अशा वेळी बहुधा आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. फॉबमध्ये लपवलेली पात काढून दार उघडायचं आणि फॉब स्टार्टच्या बटणाला चिकटवून बटण दाबायचं. बऱ्याच गाड्या अशा चालू होतात, काहींत फॉब ठेवायची खास जागा असते, ती पुस्तिकेत लिहिलेली असते. तिथे चिप जिवंत आहे, फक्त सेल मेला आहे. साहेबांची सगळी चावीच अरबी समुद्रात होती.

"दुसरी चावी आहे?" मी विचारलं.

"आहे ना. पुण्याला घरी, कपाटात."

मला वाटलं, सुटलो. साहेबांच्या भाच्याला फोन गेला, तो रात्रीच स्वारगेटहून एसटीने निघणार असं ठरलं. मी मायनसचं टर्मिनल काढून ठेवलं, म्हणजे होमस्टेवाल्यांना झोप लागेल. गाडीतलं सामान खोलीत न्यायला लावलं आणि घरी आलो. पहाटेच्या सुकतीला साहेब आणि होमस्टेची पोरं पुन्हा वाळू उकरून आली. मधे उधाणाची भरती येऊन गेलेली, काय सापडणार!

दोन सेकंदांचं इंजिन

रविवारी सकाळी भाचा चावी घेऊन हजर. मुठीवर कंपनीचा छाप, बटणं नाहीत, पण बऱ्याच गाड्यांबरोबर दुसरी चावी बिनबटणाचीच देतात, त्यामुळे मला काही खटकलं नाही. टर्मिनल लावलं, हूटर सुरू झाला. दार चावीने सरळ फिरलं, स्टेअरिंगचं लॉक सुटलं, इग्निशन ऑन झालं. स्टार्टर मारला, इंजिन पकडलं, आणि एक-दोन म्हणेपर्यंत बंद. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

इथे मी चुकलो. सुरू होऊन बंद पडतेय म्हटल्यावर माझं डोकं पेट्रोलकडे गेलं. रात्रभर खारा वारा, आदल्या दिवशी वाटेत कुठल्यातरी पंपावर टाकी भरलेली, म्हणून मी फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, मागच्या सीटखाली कान लावून पंपाचा आवाज ऐकला. तासभर गेला. हूटर इग्निशन ऑन केल्यावर गप्प व्हायला हवा होता, तो आपली वेळ संपल्यावरच थांबला होता. खूण समोर होती, मी ती वाचली नाही. डॅशबोर्डवर ऊन पडलेलं, बॅटरी अर्धमेली, दिवे मिणमिणते. शेवटी साहेबांची मुलगी काचेला हात लावून सावली करत म्हणाली, "काका, इथे चावीचं चित्र लुकलुकतंय."

ते चित्र इमोबिलायझरचं. इग्निशन ऑन केल्यावर ते क्षणभर लागून विझलं तर चिप ओळखली गेली. लुकलुकत राहिलं तर गाडीने चावी नाकारली. दोन सेकंद चालून बंद पडणं हीसुद्धा काही गाड्यांची नकाराचीच रीत, इंजिन पकडतं आणि उत्तर न जुळल्याने ईसीयू पेट्रोल तोडतो. पंपाचा दोष असता तर बंद पडायची वेळ अशी घड्याळ लावल्यासारखी आली नसती.

मी चावीची मूठ ब्लेडने उघडली. चिपसाठी खोबणी होती. खोबणीत काही नव्हतं.

साहेबांनी गाडी जुनी घेतलेली. घेताना दोन चाव्या मोजून घेतल्या, हे त्यांनी बरोबर केलं. फक्त दुसरीने गाडी कधी चालू करून पाहिली नाही. दीड वर्ष ती कपाटात साड्यांखाली निवांत पडून होती. आधीच्या मालकाला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा खरं बोलला: "एक चावी हरवली होती माझी. चौकातल्या चावीवाल्याकडून दोनशेत करून घेतली. दार उघडायचं म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही." साहेबांच्या तोंडून काही शब्द निघाले, ते इथे लिहायचं कारण नाही.

चौकातल्या चावीवाल्याचाही दोष नाही. त्याने पात मागितली तशी कापून दिली. दोनशे रुपयांत चिप मिळत नाही.

टो करायची की माणूस आणायचा

आता गाडीकडे चालणारी एकही चावी नव्हती. याला धंद्यात "ऑल की लॉस्ट" म्हणतात आणि ते नाव ऐकलं की मेकॅनिकसुद्धा जरा मागे सरकतो. एक चालती चावी हातात असली तर दुसरी नोंदवणं सोपं, काही गाड्यांत तर घरच्या घरी होतं. एकही नसली तर गाडीच्या आतला गुप्त पिन मिळवल्याशिवाय ती नवी चिप घरात घेत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता माहीत होता. आरसी, मालकाचं ओळखपत्र, चावीच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला असेल तर तो. त्या नंबरावरून चावी कापून मागवतात. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या टो ट्रकवर, घालून चिपळूणला न्यायची, कारण चावी गाडीशी जोडायला गाडीच तिथे लागते. रविवार असल्याने वर्कशॉप बंद. फोनवर भेटलेल्या माणसाने चावी यायला आठवडा ते दहा दिवस सांगितले, आणि टोइंग धरून एकूण आकडा साडेदहा हजारांच्या आसपास निघाला. बिल्ला साहेबांकडे नव्हता, आधीच्या मालकानेही तो पाहिलेला नव्हता.

दुसरा रस्ता म्हणजे चिप-चावीचं मशिन घेऊन फिरणारा माणूस. चिपळूणच्या एकाशी माझं नेहमीचं काम आहे. तो सोमवारी सकाळी यायला तयार झाला, दोन चाव्यांचे साडेसहा हजार आणि येण्याजाण्याचे पंधराशे. वॉरंटी संपलेल्या, साध्या चावीच्या गाडीला मी हाच रस्ता सांगतो. वॉरंटीतली किंवा बटणाची महागडी गाडी असेल तर दहा दिवस थांबा पण कंपनीकडे जा, असं सांगतो. तिथे अर्धवट प्रोग्रामिंगने गाडीतला इलेक्ट्रॉनिक बॉक्स बिघडला तर त्याची किंमत चावीच्या कित्येक पट असते.

साहेब म्हणाले, "हा माणूस असा बाहेरून येऊन चावी बनवू शकतो, तर चोर का नाही बनवणार?" प्रश्न रास्त होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००५ मध्येच त्या काळच्या एका लोकप्रिय चिपचं गणित फोडून दाखवलं होतं. दुसऱ्या एका चिपवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने रोखला, तो २०१५ ला बाहेर आला. म्हणजे हे कुलूप अभेद्य नाही. पण तार घालून दार उघडणाऱ्या भुरट्यासाठी ते पुरून उरतं, आणि चांगला चावीवाला कागद बघितल्याशिवाय मशिन पेटीतून काढत नाही.

रविवारी दुपारी मी साहेबांना दापोली पोलीस ठाण्यात पाठवलं, चावी हरवल्याची मिसिंग नोंद करायला. ते नाखूश होते. "समुद्रात पडलीय, कोण घेऊन जाणार?" नोंद समुद्रासाठी नव्हतीच. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक दिली आणि दुसरीबद्दल बोट आभाळाकडे केलं की चाव्या गाडीतच ठेवल्या होत्या का, इथून चौकशी सुरू होते. हरवल्याची तारखेसह नोंद आणि नव्या चाव्यांचं बिल, हे दोन कागद तेव्हा कामाला येतात. काही पॉलिसींत चावी बदलून देण्याचं वेगळं कव्हरही असतं. साहेबांनी प्रीमियम कमी करताना नेमकं तेच काढून टाकलं होतं. वहिनींनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं आणि दुपारभर दोन-तीनदा बोलून दाखवलं.

सोमवार

मुलांची शाळा म्हणून वहिनी आणि पोरं भाच्याबरोबर एसटीने गेली. साहेब थांबले.

चावीवाल्याने आधी कागद पाहिले, फोटो काढले, मग कामाला लागला. गंमत म्हणजे ज्या चावीने आम्हाला रविवारभर फसवलं तीच आता उपयोगी पडली. पात असल्यामुळे दार आणि इग्निशन फिरत होतं, नाहीतर त्याला आधी लिशी नावाचं हत्यार घालून कुलपाच्या खाचा मोजाव्या लागल्या असत्या. पण त्याने त्या चावीवरून सरळ नक्कल मारली नाही. नकलेची नक्कल केली की प्रत्येक वेळी केसाएवढी चूक वाढते आणि चौथी चावी कुलपात अडकते. त्याने खाचांची खोली मोजली, जवळच्या ठरावीक मापाला आणली आणि त्या मापावर दोन नव्या पाती कापल्या.

माझं काम बॅटरीचं होतं. शनिवारचा हूटर आणि रविवारचे माझे स्टार्टर, यांनी ती ११.६ व्होल्टवर आणली होती. अशा बॅटरीवर प्रोग्रामिंग करणं म्हणजे गळक्या होडीतून अंजर्ल्याची खाडी ओलांडणं. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर इमोबिलायझरची मेमरी अर्धी कोरी, अर्धी भरलेली राहते, आणि मग चावी नाही, बॉक्सच बदलावा लागतो. मी गॅरेजमधली भरलेली बॅटरी जोडून ठेवली आणि आकडा साडेबाराच्या वर आल्यावरच त्याला हो म्हटलं.

स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या जोडणीला, मशिन लागलं. पिन वाचायला वेळ लागला, मधे गाडीने सुरक्षेसाठी दहा मिनिटं थांबवून ठेवलं. तेवढ्यात चहा झाला. मग मशिनच्या पडद्यावर आलं: नोंदलेल्या चाव्या, दोन.

साहेब म्हणाले, "दोन कशा? एक समुद्रात, दुसरीत चिपच नाही."

मी आणि चावीवाल्याने एकमेकांकडे पाहिलं. दुसरी म्हणजे आधीच्या मालकाची हरवलेली मूळ चावी. त्याने ती हरवल्यावर दोनशेची पात करून घेतली आणि विषय संपवला, पण गाडीच्या मेमरीतून तिचं नाव कोणी काढलंच नव्हतं. गाडी साहेबांच्या नावावर झाल्यापासून दीड वर्ष पुण्यात कुठेतरी एक पूर्ण चालती चावी पडलेली होती, आणि ज्याला ती सापडली असेल त्याला फक्त गाडी सापडायची बाकी होती. समुद्रात पडलेल्या चावीपेक्षा ही जास्त भयानक होती आणि तिचा पत्ता ही चावी हरवली म्हणूनच लागला.

सगळ्या नोंदी पुसून दोन नव्या नोंदवल्या. यालाही एक मर्यादा आहे, ती साहेबांना स्पष्ट सांगितली: पुसली ती चिप, पात नाही. ती जुनी चावी अजूनही या गाडीचं दार उघडेल, गाडी मात्र चालू करणार नाही. दाराचीही काळजी असेल तर कुलपांचा संच बदलावा लागतो. त्यांनी खर्च विचारला आणि गाडीत लॅपटॉप ठेवायचं बंद करतो म्हणाले. मीही तेच केलं असतं.

इग्निशन ऑन केलं. चावीचं चित्र लागलं आणि विझलं. इंजिन पकडलं आणि चालत राहिलं. दुसरी नवी चावी लावून तेच, मग प्रत्येक चावीचा रिमोट, मग डिकी. शेवटी मी मुद्दाम बिनचिपची चावी घालून स्टार्टर मारला. दोन सेकंद, बंद. साहेबांना ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

ती चावी ते वाळूत भिरकावणार होते. मी घेतली, मुठीला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली, त्यावर मार्करने "फक्त दार" लिहिलं आणि परत दिली. नव्या चाव्या आत राहून दार बंद झालं तर ती कामाला येईल, फक्त ती गाडीबाहेर ठेवा म्हणालो. त्यांनी ती खिशात टाकली. या वेळी शर्टाच्या, बटण असलेल्या.